मोज्याची वरची बाजू

४ फेब्रुवारी

नवीन वही. लेकीने पाठवली. "आई, मनात ठेवून कुढतेस त्यापेक्षा लिही," म्हणाली. मी काही कुढत नाही. पण वही चांगल्या कागदाची आहे, वाया कशाला घालवायची?

आज आमच्या प्रयोगशाळेत मोज्यांचे सहा जोड आले. आम्ही लाद्या तपासतो, बुटांचे तळवे तपासतो, जिन्याच्या पट्ट्या तपासतो. वजन लादलेला ठोकळा लादीवरून ओढायचा, ओढायला किती जोर लागला ते वाचायचं, त्याला वजनाने भागायचं. आकडा मोठा आला तर पाय टिकणार, लहान आला तर माणूस आडवा. बावीस वर्षं मी हेच करतेय. मोजे मात्र पहिल्यांदाच.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे अंतराळात जाणाऱ्या माणसांसाठी आहेत. मी दोनदा वाचलं. मग मोजे उलटेपालटे केले आणि एकटीच हसत सुटले. शिवणाऱ्याने रबराचे ठिपके तळव्याला लावायचे सोडून वर, पावलाच्या पाठीवर लावलेत! सहाही जोड तसेच. माणसं आभाळात पाठवायला निघालेत आणि मोज्याची खालची बाजू कुठली ते कळत नाही.

घरी येऊन पेंटरला सांगितलं. पेंटर म्हणजे माझा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवतो, सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणते, म्हणून मीही. पूर्वी असलं काही सांगितलं की पोट धरून हसायचा. आज चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हं," म्हणाला, तेही पुटपुटल्यासारखं. दीड-दोन वर्षं हेच चाललंय. काय बिनसलंय ते सांगत नाही, भांडतही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची नवी पाटी पेंटरने लावली. पहिलं अक्षर हातभर, पुढचं जरा लहान, पुढचं आणखी लहान, शेवटचं तर वितीएवढंसुद्धा नाही. चष्मेवाला रस्त्यात उभा राहून टाळ्या पिटत होता. "वहिनी, काय डोकं आहे पेंटरचं! डोळे तपासायचा तक्ताच केला की पाटीचा! लोक थांबून वाचतात." मलाही अभिमान वाटला. घरी येऊन म्हटलं, "मला नाही बोललास, असं काही करतोयस म्हणून." तो ब्रश धूत होता. म्हणाला, "तसं ठरवलं नव्हतं." एवढंच. कौतुक केलं तरी याला नको असतं.

१० फेब्रुवारी

मोज्यांचा अहवाल पाठवला. तळव्याचा आकडा अगदी कमी. शेवटी लिहिलं, 'ठिपके चुकीच्या बाजूस लावले गेले आहेत, कृपया दुरुस्ती करावी.' मी सभ्यच शब्द वापरले.

१५ फेब्रुवारी

आज माझी चांगलीच फजिती झाली. मोजे पाठवणारी इंजिनीअर बाई स्वतः येऊन उभी राहिली. पोरगेलीशीच आहे, पण हुशार. हातात माझा अहवाल. मला वाटलं, माफी मागायला आली असेल.

"ताई, ठिपके बरोबर बाजूला आहेत," ती म्हणाली. "तिथे कुणी तळव्यावर उभं राहतच नाही. जमिनीजवळ दांडा असतो, त्याखाली पाऊल अडकवायचं, म्हणजे माणूस एका जागी राहतो. घासते ती वरची बाजू. काही महिन्यांत तळवे बाळाच्या पायांसारखे मऊ होतात आणि घट्टे पडतात पावलाच्या पाठीवर."

मी कपाळाला हात लावला. बावीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की माणूस उभा कुठल्या बाजूवर आहे.

मग मी म्हटलं, ठीक आहे, वरची बाजू तपासते, मोज्यावर वजन ठेवते आणि ओढते. तर म्हणाली, तिथे वजन ठेवलं तर ते ठेवलेलं राहणारच नाही. "म्हणजे गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून घर्षणही नाही?" मी विचारलं.

"दोन्ही आहेत. यान पृथ्वीकडे पडतच असतं, माणसंही पडत असतात, सगळे बरोबरीने. म्हणून कुणी कुणावर दाबत नाही. दाब नाही म्हणून पकड नाही. इथे पृथ्वी आपल्याला फुकटात दाबून धरते, तिथे आपलं आपण धरायचं."

सतत पडतायत आणि आपटत नाहीत. हे काही माझ्या डोक्यात शिरेना. माझा चेहरा बघून ती हसली. "ताई, आपण तरी काय करतो? चालणं म्हणजे दर पावलाला पुढे पडायचं आणि दर पावलाला स्वतःला झेलायचं."

ती गेल्यावर मी प्रयोगशाळेत चारपाच फेऱ्या मारल्या, पडते का ते बघत. खरंच पडत होते. मग नीट चालताच येईना.

१६ फेब्रुवारी

त्या बाईच्या बोलण्यामुळे आता सगळ्यांची चाल बघत बसते. पेंटर माझ्या पुढे चालत होता. उजवा हात पुढेमागे होतो, डावा अंगाला चिकटलेला. पावलं लहान, लादीवरून घासत टाकलेली. रुसलेलं माणूस चालतं तसं. माझ्याबरोबर चालायचं जिवावर आलंय, दुसरं काय?

संध्याकाळी दूध उतू जाऊन करपलं. दारातच मला वास आला. हा गॅसपासून चार हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेला! "अरे, वास येत नाही का?" मी ओरडले. "नाही आला," म्हणाला. मुद्दाम करतो. आतल्या खोलीत टर्पेंटाइनचा डबा सताड उघडा होता, तोही मुद्दाम. माझं डोकं भणभणलं. पातेलं मीच घासलं.

२२ फेब्रुवारी

आज वेगळीच गोष्ट घडली. इंजिनीअर बाईच्या केंद्राकडून पत्र आलंय. ती बाई येऊन गेल्यावर मी वजनाऐवजी स्प्रिंगने दाबून मोजे तपासायची जी युक्ती केली ती त्यांना पसंत पडली. दोन वर्षांसाठी तिकडे या म्हणतात. मोजे, हातमोजे, पकडायच्या मुठी, सगळ्याची तपासणी माझ्या हाताखाली. राहायला जागा देणार. रेल्वेने नऊ तास. एकतीस मार्चपर्यंत उत्तर कळवा.

चौपन्नाव्या वर्षी कोण बोलावतं कुणाला? पेंटरला वाचून दाखवलं. तो माझ्याकडे टक लावून बघत होता, पापणीसुद्धा हलत नव्हती. मी म्हटलं, "काय करू?"

"जा," म्हणाला. बास. अभिनंदन नाही, 'मग माझं काय?' नाही. दगडाच्या चेहऱ्याने, जा.

बाथरूममध्ये जाऊन रडले. या माणसाला मी नकोशी झालेय, हे आता लिहूनच टाकते. खरंच नकोशी असेन तर जाईन. पण आधी नक्की कळायला हवं. महिनाभर आहे हातात.

२६ फेब्रुवारी

बेकरीवाला घरी येऊन तणतणला. त्याच्या पाटीचीही अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेलीत. "चष्म्याचं दुकान आहे का माझं? शेवटचा 'पाव' दिसतच नाही!" मी म्हटलं, तिथे चाललं ते इथे चालेल असं कसं वाटलं तुला? तर पुटपुटला, "मी सारखीच काढत होतो." मला मोठ्याने बोल म्हणून सांगावं लागतं, आणि तो म्हणतो, मोठ्यानेच बोलतोय.

१ मार्च

आता हे काय आहे ते कुणीतरी मला समजावून सांगा. पेंटर स्वयंपाकघराच्या दारात येतो आणि थांबतो. पाय खिळल्यासारखे. आत मी असते. मी "ये ना" म्हणते, तो उभा. घाई केली तर आणखीच थांबतो. मग एकदम दोनचार तुरुतुरु पावलं टाकत आत येतो. बरं, पायांना काही झालं म्हणावं तर आज त्याला डाव्या हाताने डबा धरून शिडीवर चढताना बघितलं. एक, दोन, तीन, चार, भराभर. अठरा पायऱ्या! शिडीच्या पायांना मीच आमच्याकडचं उत्तम रबर लावून दिलंय, त्यामुळे काळजी नव्हती. पण जो माणूस अठरा पायऱ्या चढतो त्याला सपाट लादीवरून माझ्याजवळ येता येत नाही?

याचा एकच अर्थ होतो, आणि तो मला झोंबतो.

५ मार्च

पेंटर बोळात पडला. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत जो बोळ आहे तिथे. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. पण माझं धाबं दणाणलं. मी लादी तपासणारी, आणि माझ्याच घरात माणूस घसरतो!

प्रयोगशाळेतून ठोकळा आणि काटा घरी आणला. बोळ कोरडा तपासला, ओला तपासला, साबणाचा हात फिरवून तपासला. कोरड्याला पॉइंट सहा. ओल्यालासुद्धा वाईट नाही. अशा लादीला मी डोळे मिटून पास करते. मग पडला कसा? त्याच्या चपलांचे तळवे बघितले, चांगले होते. फक्त पुढची टोकं झिजलेली, टाचा नव्यासारख्या. इतकी वर्षं चपला बघतेय, टाचा आधी झिजतात. उलटं का ते कळलं नाही. चपला नव्या आणल्या.

८ मार्च

आकडा चांगला आहे हे मला पुरेसं वाटेना. मनात राग असला तरी नवऱ्याला पडू द्यायचं नाही. शनिवारी सबंध दिवस खपून बोळाला वाळू मिसळलेला लेप दिला, कारखान्यांच्या उतारांना देतात तो. वाळल्यावर तपासला. पॉइंट नव्वद! एवढा आकडा मी घरगुती लादीला कधी लिहिला नाही. आता साबण सांडला तरी कुणी घसरणार नाही. पेंटर दारात उभा राहून बघत होता. "कसं झालंय?" विचारलं तर बराच वेळ थांबून म्हणाला, "तुला फार त्रास झाला." ओठ हलल्याचंच तेवढं दिसलं. टोमणा होता की काय, देव जाणे.

१२ मार्च

पेंटर पडला. लेपावर. तोंडावर.

मी बाथरूमच्या दाराशी होते, सगळं बघितलं. घसरला नाही. पाय पुढे सरकवला, चपलेचं टोक वाळूत अडकलं, पाय तिथेच राहिला आणि अंग पुढे गेलं. हात पुढे घ्यायलासुद्धा उशीर झाला. डावं मनगट मोडलंय. ओठ फाटलाय. घसरगुंडी नको म्हणून मी केलेल्या जागेवर पडला. मला काही सुचत नाही.

१३ मार्च

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. मी त्यांना सगळे आकडे सांगितले, पॉइंट सहा, पॉइंट नव्वद. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेंटरला म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखवा." दोनदा चालायला लावलं. मग कागदावर नाव-पत्ता लिहायला सांगितलं. नाव मुंगीएवढं, पत्ता तर वाचताच येईना.

"बाई, तुम्ही लादी फार चांगली तपासलीत," डॉक्टर म्हणाले. "यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा."

मी विचारलं, डोक्याला मार लागलाय का? ते नाही म्हणाले. मग मेंदूचा काय संबंध? त्यांनी चिठ्ठी लिहून हातात दिली.

१८ मार्च

पार्किन्सन. कंपवात म्हणतात.

मी डॉक्टरीणबाईंशी वाद घातला. "अहो, पण हा थरथरत नाही! अठरा पायऱ्यांची शिडी चढतो!" त्या म्हणाल्या, सगळे थरथरत नाहीत. आणि शिडीची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते, पाऊल कुठे टाकायचं ते ठरलेलं असतं, म्हणून जमतं. सपाट जमीन काहीच सांगत नाही. त्यांनी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "या ओलांडत या." पेंटर चालत आला! पाय उचलून, पूर्वीसारखा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. वास कमी येतो का? आवाज बारीक झालाय? अक्षर लहान होत जातं? दारात पाय अडतात? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. प्रत्येक गोष्ट मी या वहीत लिहिलेली होती. फक्त पुढे 'मुद्दाम' असं लिहिलं होतं.

शिडी आता बंद. उभ्या उभ्या तोल जाऊ शकतो म्हणाल्या. गोळ्या सुरू केल्यात. बरा होत नाही हा आजार, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने पुष्कळ वर्षं चांगली जातात असं म्हणाल्या. येताना रिक्षात पेंटरने माझ्या हातावर हात ठेवला. मी बाहेर बघत होते. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

१९ मार्च

शंभर वेळा मनात तेच. दूध करपलं तेव्हा मी त्याला काय काय बोलले.

२४ मार्च

दोन दिवस रजा टाकून बोळातला लेप खरवडून काढला. खालची लादी पुन्हा दिसायला लागली. जुना आकडा पुरेसा आहे. मुद्दामच तपासला नाही. पेंटर खुर्ची टाकून बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर. उजव्या हाताने चिकटपट्टी कापून देत होता, मी पावलापावलावर आडव्या रेघा चिकटवत होते. "सरळ नाहीये," तो म्हणाला. मी काढून पुन्हा चिकटवली. "अजून नाही." पाटीवाल्याची नजर! तीन वेळा चिकटवली, तेव्हा कुठे हं म्हणाला.

काम करता करता माझं चाललंच होतं: आजार हा आजार. पण 'जा' म्हणाला ते? ते काय आजाराने म्हणाला? आवाज बारीक होतो, चाल बदलते, मान्य. मन बदललं असेल तर ते कुठल्या डॉक्टरला दाखवायचं? इतक्या आजारी माणसाला हे विचारायचं तरी कसं?

२९ मार्च

दुपारी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे येणे शक्य नाही.' पेंटर समोर बसला होता. त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि ताडकन उभा राहिला. अडकला नाही, थांबला नाही.

"घरगुती अडचण म्हणजे मी?" केवढ्याने ओरडला! कित्येक महिन्यांत इतका आवाज ऐकला नव्हता. "माझ्या नावावर खपवू नकोस! मी जा म्हटलं होतं तुला!"

मग माझाही तोल सुटला. "हो, म्हटलं होतंस! दगडासारख्या चेहऱ्याने म्हटलं होतंस! बायकोच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि तुझ्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. दोन वर्षं तू माझ्यावर रुसून बसलायस, आणि मी जायला निघाले तर सुटलास!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच खाली बसला.

"मी हसलो होतो," म्हणाला. आवाज पुन्हा बारीक झाला होता, मला पुढे वाकावं लागलं. "पत्र वाचलंस तेव्हा केवढा हसलो होतो मी. गळ्यात पडावंसं वाटलं. तू उठून बाथरूममध्ये गेलीस."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चेहऱ्याचे स्नायू कडक होतात, हसू दिसत नाही. मी मान डोलावली होती. ऐकलं होतं आणि घरी घेऊन आले नव्हते.

"मोज्यांची गोष्ट सांगितलीस तेव्हाही हसलो होतो," तो म्हणाला. "मी हसायचो. तू हसायची नाहीस. उलट तोंड वाकडं करून आत जायचीस. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. म्हणून म्हटलं, जा. जिथे बरं वाटेल तिथे जा."

दोन वर्षं. एका घरात, एका टेबलाशी. मी त्याला विचारलं, "मग बोलला का नाहीस रे?" त्याने विचारलं, "तू का नाही बोललीस?" मी खूप रडले आणि रडताना त्याचा प्लास्टरचा हात घट्ट धरून ठेवला, इतका की तो म्हणाला, "अगं, दुखतंय."

मग कागद फाडला, लेकीला फोन केला. दुसरा घेतला. लिहिलं, 'सहा महिन्यांनी येईन. महिन्यातला एक आठवडा तिकडे, बाकीचं काम इथून. तेवढ्या दिवसांसाठी लेक इथे येईल, तिच्याशी बोलणं झालं आहे. जमत असेल तर कळवावे.' जमलं तर जमलं, नाही तर त्यांचं नशीब.

सही करून मान वर केली. पेंटर माझ्याकडेच बघत होता. तोच मख्ख चेहरा, न मिटणारे डोळे. एरवी मी उठून गेले असते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"हसतोय."

"कधीपासून?"

"तू लिहायला बसलीस तेव्हापासून."

मी खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि अगदी जवळून त्याचा चेहरा बघितला. ओठ, गाल, डोळे. काही म्हणजे काही दिसलं नाही. मग मी हसले, त्याला नीट दिसेल असं, सगळे दात दाखवून, आणि तो नको म्हणेपर्यंत हसत राहिले. तो नको म्हणाला नाही.